कोयत्यावर गेलेल्या आईबापांची मुले : मनावरच्या जखमांचा पंचनामा कोण करणार?

दसरा-दिवाळीच्या दिवसांत मांजरसुंब्याच्या चौकात कोणीही अर्धा तास उभे राहून पाहावे. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून येऊन नेकनूर, केज, अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतो. त्यामुळे बीड जिल्ह्यातून बाहेर पडणारे अर्धे ट्रक आणि ट्रॅक्टर येथूनच वळतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीची पोती, हंडे-घागरी, ताडपत्री, शेळ्या, कोंबड्या आणि या सगळ्या सामानावर बसलेली लहान लहान मुले. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांचे गाळप सुरू व्हायचे असते. पुढचे पाच-सहा महिने हा जिल्हा रिकामा होतो. मागे उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या स्वाधीन केलेली लेकरे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी या चौकात उभा होतो. आमच्याच वस्तीतील एक जोडपे सांगलीकडच्या कारखान्याला निघाले होते. धाकटी मुलगी अंगावर पिणारी, म्हणून ती बरोबर. आठ वर्षांचा मुलगा शाळेसाठी आजीजवळ. ट्रक हलला तेव्हा तो मुलगा आजीचे बोट धरून उभा होता. रडला नाही, धावला नाही, हात हलवला नाही. आजी कौतुकाने म्हणाली, "लई शाना हाय माझा लेकरू, वकीलसायब. रडत बी न्हाई." मलाही ते कौतुकास्पदच वाटले. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कोर्टाची वेळ झाली म्हणून बीडची गाडी धरली.

संक्रांतीच्या सुमारास त्या मुलाचे शिक्षक भेटले. मुलगा वर्गात बोलायचाच बंद झाला होता. पाटीवर लिहायचा, पण हाक मारली तरी ओ देत नव्हता. रात्री अंथरूण ओले करू लागला होता. आजीने त्याला आधी मारले, मग देवऋषाकडे नेले. त्याने "बाहेरचं झालंय" असे सांगून लिंबू-नारळ आणि वर पाचशे रुपये घेतले. ज्या घराच्या भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावलेला आहे, त्या घरातली ही गोष्ट आहे. शेवटी शिक्षकाने आणि मी मिळून त्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तपासले आणि एवढेच विचारले, "याची आई कुठे आहे?"

त्या दिवशी या वकिलाला आपल्या शिक्षणाची लाज वाटली. जखमेचा पंचनामा कसा करावा, हे मला कायद्याने शिकवले होते. पण न रडणारे मूल हे शहाणे नसते, कदाचित ते आतून थिजलेले असते, हे मला कोणी शिकवले नव्हते. आणि खरे सांगायचे तर, मी ते शिकण्याचा प्रयत्नही केला नव्हता. आपल्या चळवळीने शिक्षणाचा विचार केला, नोकरीचा केला, आरक्षणाचा केला, अत्याचाराचा केला. मुलांच्या मनाचा विचार किती केला? हा प्रश्न आज समाजबांधवांपुढे मांडावयाचा आहे.

बाबासाहेबांचे बालपण आपण नीट वाचले काय?

मन ही श्रीमंतांची चैन आहे, गरिबाला पोटाचीच चिंता असते, असा एक गैरसमज आपल्याच कार्यकर्त्यांत आहे. त्यांनी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण पुन्हा वाचावे. भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव अवघे पाच-सहा वर्षांचे होते. पुढे सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर गेले. तेथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव खोदण्याचे सरकारी काम चालू होते. मुले साताऱ्याला आत्याच्या हवाली होती. आत्या अत्यंत प्रेमळ होती, परंतु पायाने अधू असल्याने तिला स्वतःलाच उठता-बसता आधार लागे. मुले शाळेत जात आणि स्वतःच स्वयंपाक करीत. भाकरी थापता येत नसे, म्हणून भात शिजवून त्यावर भागवीत. हे सर्व बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात नोंदवून ठेवले आहे.

बाप दुष्काळाच्या कामावर परगावी, आई नाही, घरात आजारी म्हातारी बाई आणि चूल पेटवणारी लेकरे! हे १९०१ सालचे साताऱ्याचे चित्र आहे की आजच्या बीड जिल्ह्यातील एखाद्या वाडी-तांड्याचे? त्याच वर्षी वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलांना मसूर स्टेशनवर जात कळताच कोणी गाडीवान मिळेना, रात्रभर पाणी मिळाले नाही. तेव्हा बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे होते. त्या प्रवासाने मनावर जो ठसा उमटवला तो कधीच पुसला गेला नाही, असे त्यांनीच सांगितले आहे. जगातील एवढा मोठा विद्वान, घटनेचा शिल्पकार, वयाच्या चाळिशीनंतर आपल्या बालपणीच्या एका रात्रीची आठवण लिहून ठेवतो, याचा अर्थ काय? अर्थ हाच की, लहानपणी मनावर झालेला घाव मूल विसरत नाही. ते गप्प बसते, एवढेच.

मात्र त्याच घरात आणखी एक गोष्ट होती, तीही विसरता कामा नये. मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा, पैसे नसताना लेकीचे दागिने गहाण ठेवून पुस्तक आणणारा बाप त्या घरात होता. बालमनाचे शास्त्रही आज हेच सांगते की, संकटात सापडलेल्या मुलाच्या पाठीशी किमान एक मोठे माणूस भक्कमपणे उभे असेल तर ते मूल सावरू शकते. प्रश्न हा आहे की, आमच्या ऊसतोड कामगारांच्या लेकरांच्या वाट्याला ते एक माणूस येते काय?

शास्त्र काय सांगते?

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो मुले आईबापांपासून तुटली होती. आपल्या हक्काच्या माणसाचा जवळचा, उबदार आणि सलग सहवास न मिळालेल्या मुलाच्या मनाची वाढ कशी खुरटते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. घरात मारहाण होती काय, आईला मारले जात होते काय, कोणी दारुडे होते काय, आईबाप वेगळे झाले होते काय, कोणी तुरुंगात होते काय, मुलाकडे दुर्लक्ष झाले होते काय? ज्यांच्या बालपणात असे आघात जितके जास्त, त्यांच्यात पुढे नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न तितके जास्त आढळले. एवढेच नव्हे, तर हृदयविकारासारखे शरीराचे आजारही जास्त आढळले. मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे आजार वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणजे ज्या वयात आमची मुले आजीचे बोट धरून मांजरसुंब्याच्या चौकात उभी असतात, नेमक्या त्याच वयात त्यांच्या पुढच्या आयुष्याचा पाया घातला जात असतो किंवा उखडला जात असतो.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. हे शास्त्र हाती घेऊन कोणी "आईच मुलांना टाकून जाते" असे म्हणू लागला, तर तो शास्त्र सांगत नाही, मनुस्मृती सांगतो आहे. कोणतीही आई हौसेने फडावर जात नाही. तिला तिकडे कोण नेते, हे आधी पाहिले पाहिजे.

उचल घेतलेल्या घरात काय घडते?

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर झपाट्याने वाढले. आज एकट्या बीड जिल्ह्यातून काही लाख माणसे जातात. त्यात वंजारी आहेत, मराठा आहेत, बंजारा, धनगर, पारधी आहेत आणि आपले बौद्ध, मातंग बांधवही मोठ्या संख्येने आहेत. ज्याच्या नावावर जमीनच नाही किंवा आहे ती माळरानाची, त्याला दुसरा पर्याय व्यवस्थेने ठेवलेला नाही.

मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. दोन माणसांचे मिळून एक हत्यार! या शब्दातच या व्यवस्थेचे सगळे तत्त्वज्ञान आले. उचल जोडीला मिळते, म्हणून बायकोने घरी थांबून मुले सांभाळायची सोयच राहत नाही. ती थांबली तर कोयता अर्धा होतो. पहाटे तीन-चारला उठून फडात जायचे, दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून गाडी भरायची. एक दिवस खाडा झाला की मजुरी तर बुडतेच, वर दंड उचलीत चढतो. हंगाम संपून पट्टा पडला तरी अनेकांची उचल फिटत नाही. मग राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर, आणि पुढचे वर्ष पुन्हा त्याच मुकादमाकडे.

खाडा होऊ नये म्हणून बाईने काय काय सोसले, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढल्याचे उघड झाले. दर सहा बायांमागे एक! त्या वेळी वर्तमानपत्रांनी रकाने भरले, विधिमंडळात चर्चा झाली. परंतु या १३,८६१ बायांच्या घरात वाढणाऱ्या मुलांचे काय झाले, हे कोणी विचारले काय? तिशीतच कंबर धरून बसलेली, चिडचिडी झालेली, अर्ध्या रात्री उठून कण्हणारी आई पाहून मुलाच्या मनात काय साठत असेल? आईचे शरीर आणि मुलाचे मन ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत. ते एकाच फिर्यादीचे दोन परिच्छेद आहेत.

तीन वाटा, तीन जखमा

ऊसतोड जोडप्यापुढे मुलांच्या बाबतीत तीनच वाटा असतात आणि तिन्ही वाटांवर काटे आहेत.

पहिली वाट, मुलांना बरोबर नेणे. पाचटाच्या कोपीत राहायचे, थंडीत कुडकुडायचे, उसाच्या फडाशेजारी धाकट्या भावंडाला सांभाळायचे. आठ-दहा वर्षांची मुलगी तेथे आईच बनते. शाळा सुटते. जवळ ट्रॅक्टर, विहिरी, साप आणि रात्री दारू प्यालेली परकी माणसे. १९९० च्या दशकापासून काही संस्थांनी कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आल्यावर मुलांनी नियमित शाळेतच गेले पाहिजे असे धोरण ठरले आणि बहुतेक साखरशाळा बंद झाल्या. धोरण कागदावर बरोबर होते. परंतु फडापासून दूर असलेल्या परगावच्या शाळेत, "ऊसतोड्याचं पोर" म्हणून मागच्या बाकावर बसवले जाणाऱ्या मुलाने तिथे किती दिवस टिकावे?

दुसरी वाट, आजी-आजोबांजवळ ठेवणे. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना याच मुलांसाठी आहे. गावातल्या शाळेत दोन वेळचे जेवण द्यायचे आणि मूल गावातच राहायचे. जेथे शिक्षक प्रामाणिक आहेत तेथे या योजनेने हजारो मुलांची शाळा वाचवली, हे मान्य केले पाहिजे. पण जेवण मिळाल्याने रात्र सरत नाही. आजीला दिसत नाही, आजोबांना ऐकू येत नाही. मुलाला ताप आला तर आजी घाबरते आणि आजी आजारी पडली तर दहा वर्षांचे मूल तिला सांभाळते. या घरात कोण कोणाचा पालक आहे, हे ठरवणे वकिलालाही अवघड जाईल.

तिसरी वाट, वसतिगृह. राज्य सरकारने २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. ऊसतोड कामगारांची संख्या जास्त असलेल्या ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक व मुलींसाठी एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जणांची. योजना चांगली आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु पहिल्या टप्प्यात हाती घेतली गेली ती दहाच तालुक्यांतील वीस वसतिगृहे, आणि एवढी मुले एका छताखाली ठेवून त्यांच्याशी बोलणारे माणूस नसेल तर ते वसतिगृह कोठारच होय. गहू, तांदूळ, सतरंज्या यांचा हिशेब ठेवला जातो. रात्री कोणते मूल रडत झोपले, याची नोंद ठेवायचे रजिस्टर अजून कोणी छापलेले नाही.

मुलींचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. वयात आलेली मुलगी म्हातारीजवळ ठेवायची भीती आणि कोपीत न्यायचीही भीती. मग आईबाप तिसराच उपाय शोधतात, तो म्हणजे लग्न. लग्न झाले की मुलीची जबाबदारी संपते आणि नवा 'कोयता' तयार होऊन नवी उचल मिळते. २०१९ ते २१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. संपूर्ण महाराष्ट्राचे हेच प्रमाण २१.९ टक्के आहे. म्हणजे राज्याच्या दुप्पट. पंधराव्या वर्षी लग्न आणि सोळाव्या वर्षी बाळंतपण झालेल्या मुलीच्या मनाची अवस्था काय असेल? आणि जिचे स्वतःचे बालपण संपू दिले नाही, ती आपल्या बाळाला कोणते बालपण देणार? अशा रीतीने ही जखम वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते. जमिनीचा सातबारा आमच्या नावावर नसला तरी दुःखाचा सातबारा पिढ्यान्पिढ्या आमच्याच नावावर चढतो आहे.

आपल्या घराचा उंबरठाही ओलांडला पाहिजे

व्यवस्थेला दोष देणे आवश्यकच आहे, आणि ते या लेखात केले आहे. परंतु सगळा दोष व्यवस्थेवर टाकून आपण मोकळे होणार असू, तर तीही एक पळवाट ठरेल. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलात तर ती आधीपासूनच आहे. प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी आपण त्रिसरण-पंचशील म्हणतो. तेच ओठ संध्याकाळी कशाला लागतात, हे घरातल्या लेकरांना पक्के माहीत असते. कोयत्यावर गेलेला असो वा गावात राहिलेला, दारू पिऊन बायकोला मारणारा बाप आपल्या मुलालाही मारत असतो, मुलाच्या अंगाला हात लावला नाही तरीही. आईचा मार पाहणारे मूल आणि मार खाणारे मूल, दोघांच्याही मनावर वळ सारखेच उमटतात.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आईबापांची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून दूर ठेवणे, चांगल्याकडे वळवणे आणि विद्या-कला शिकवणे ही त्यांतील पहिली तीन आहेत. त्यात कोठेही मुलाला धाकात ठेवणे हे कर्तव्य सांगितलेले नाही. ज्या धम्माने साऱ्या जीवनाचे मूळ मनात शोधले, त्या धम्माच्या अनुयायांनी मनाच्या आजाराला "येड लागलं" म्हणून हिणवावे किंवा देवऋषाच्या दारी जावे, यापरते दुर्दैव कोणते? जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ सालीच झाला आहे. परंतु कायदा भोंदूला पकडू शकतो, आजीच्या मनातली भीती काढू शकत नाही. ते काम कार्यकर्त्यालाच करावे लागेल.

कायदा काय म्हणतो?

कायद्याचा विद्यार्थी म्हणून काही गोष्टी वाचकांच्या हाती देणे माझे कर्तव्य आहे. कारण हक्क माहीत नसलेला माणूस दयेची भीक मागतो, हक्क माहीत असलेला माणूस जाब विचारतो.

भारतीय संविधानाचे कलम ३९ (च) राज्यावर जबाबदारी टाकते की, मुलांना निकोप रीतीने, स्वातंत्र्यात आणि प्रतिष्ठेने वाढण्याची संधी मिळाली पाहिजे. कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पोटाच्या लाचारीने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करावे लागणारे काम हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा तर आगाऊ रकमेच्या मोबदल्यात माणूस बांधून ठेवण्याच्या पद्धतीलाच गुन्हा ठरवतो. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही, हा मुकादमी नियम या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक व्यक्तीला सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देतो. हा हक्क मुंबई-पुण्याच्या माणसाइतकाच मांजरसुंब्याच्या मुलालाही आहे. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे निर्देश दिले. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्काची व्यवस्था करावयाची आहे. आपल्या गावातील शाळेच्या आणि वसतिगृहाच्या प्रमुखांना हा निकाल दाखवून "तुमच्याकडे कोण आहे?" असे लेखी विचारायला वकिलाची गरज नाही.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे. बालविवाहाचा धोका असलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल होय, असे हा कायदा सांगतो. मात्र याच कायद्याचे एक तत्त्व असे आहे की, मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. मुलाची पहिली जागा त्याच्या कुटुंबात आहे. म्हणून गरीब आईबापांना "तुमचं पोर उचलून नेऊ" अशी धमकी कोणी देत असेल तर तो कायदा सांगत नाही. एकल पालक, गंभीर आजारी पालक किंवा अनाथ मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते आणि अंगणवाडी सेविका तिची सचिव असते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तर १४४१६ हा 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेचा. हे दोन्ही क्रमांक विहाराच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहून ठेवायला किती खर्च येईल?

चळवळीने काय करावे?

वसतिगृह हे आपल्या चळवळीचे जुने हत्यार आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा सुरू केली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले. मूल घरच्या दारिद्र्यातून बाहेर काढून शिकवायचे, हा विचार त्यामागे होता आणि तो शंभर टक्के बरोबर होता. आमच्यापैकी कित्येक जण त्याच विचाराची फळे आहोत. आज त्या विचारात एक गोष्ट जोडायची आहे. मूल शिकले पाहिजे, तसेच ते सुखाने झोपलेही पाहिजे.

त्यासाठी पैशांपेक्षा माणसांची गरज आहे. प्रत्येक वस्तीवर ऑक्टोबर महिन्यात यादी करावी. कोणाचे आईबाप गेले, मूल कोणाजवळ राहिले, मुकादमाचा व आईबापांचा फोन नंबर काय? आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी त्या मुलाचे आईशी बोलणे झाले पाहिजे. ठरलेली वेळ महत्त्वाची आहे. कारण "आई रविवारी बोलणार" हे माहीत असलेले मूल सोमवार ते शनिवार निभावून नेते. विहारात रविवारी मुलांना एकत्र आणावे, वंदना घ्यावी, खेळ घ्यावा, चित्रे काढू द्यावीत आणि मुले बोलू लागली तर मोठ्यांनी उपदेश न करता ऐकावे. शिकलेल्या तरुण-तरुणींपैकी एकेकाने दोन-तीन मुलांची जबाबदारी घ्यावी. मूल अचानक गप्प झाले, झोपेत ओरडू लागले, अंथरूण ओले करू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. बीडचे जिल्हा रुग्णालय येथून विसेक किलोमीटरवर आहे आणि अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

सरकारकडे मागण्याही ठामपणे मांडल्या पाहिजेत. मंजूर झालेली ८२ वसतिगृहे पूर्ण क्षमतेने आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी चालू झाली पाहिजेत. प्रत्येक ठिकाणी समुपदेशक, आणि मुलींच्या वसतिगृहात स्त्री समुपदेशक, असला पाहिजे. २०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला आणि आशा सेविकांमार्फत खचलेल्या शेतकऱ्यांचा शोध घेण्याची पद्धत बसवली. तीच पद्धत मागे राहिलेल्या मुलांसाठी का वापरता येऊ नये? आणि मुळातील मागणी अशी की, गावात हक्काचे काम मिळाले पाहिजे आणि तोडणीचा दर असा हवा की एका कोयत्यामागे आईला घरी राहण्याची मोकळीक मिळेल. २०२४ च्या आरंभी तोडणी दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती लढून मिळाली. पुढच्या करारात पैशाबरोबर पाळणाघर, शाळा आणि मुलांचे आरोग्य ही कलमे आली पाहिजेत. कारखाना उसाच्या प्रत्येक टनाचे वजन करतो. त्याच फडात वाढणाऱ्या मुलाचे ओझे मात्र कोणत्याच काट्यावर येत नाही.

त्या आठ वर्षांच्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. चमत्कार झाला नाही. शिक्षकाने आपल्या फोनवरून दर रविवारी त्याचे आईशी बोलणे करून द्यायला सुरुवात केली. पहिले तीन रविवार तो नुसता फोन कानाला लावून उभा राहिला. पलीकडून आई बोलत राहिली. चौथ्या रविवारी त्याने एकच प्रश्न विचारला, "कवा येणार?" आणि मग तो खूप रडला. आजी घाबरली. शिक्षक मात्र मला म्हणाले, "वकीलसाहेब, आज पोरगं रडलं. आता बरं होईल."

पट्टा पडून आईबाप परत आले, पुढच्या दसऱ्याला पुन्हा गेले. मुलगा आता मोठा झाला आहे, शिकतो आहे, बोलतो. पण ट्रकचा हॉर्न वाजला की आजही चालता चालता थबकतो. ते थबकणे ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी आपण म्हणू की चळवळ त्या मुलापर्यंत पोहोचली. यंदाही दसरा येईल आणि मांजरसुंब्याच्या चौकातून ट्रक वळतील. तेव्हा मागे राहिलेल्या लेकरांचे बोट धरायला आपल्यापैकी किती जण तेथे उभे असतील, याचा विचार प्रत्येक भीमसैनिकाने आजच करावा.

जयभीम!